न विचारलेला प्रश्न : ज्यू कथेतील श्रद्धा, बलिदान आणि छळ

बायबलमधल्या ‘उत्पत्ति’ या पहिल्याच पुस्तकात अब्राहामाच्या दोन गोष्टी जवळजवळ येतात. अठराव्या अध्यायात देव सदोम नगरीचा नाश करायला निघाला आहे. अब्राहाम त्याला वाटेत गाठतो आणि चक्क घासाघीस करतो. नगरात पन्नास नीतिमान माणसे निघाली तर नगर वाचवशील का? पंचेचाळीस निघाली तर? असे उतरत उतरत तो दहापर्यंत येतो आणि देव प्रत्येक वेळी कबूल होतो. न्याय करणाऱ्याने अन्याय करू नये, हे देवालाच ऐकवण्याइतका हा माणूस धीट आहे.

पुढे चारच अध्यायांनी तोच देव त्याच्याकडे त्याचा लाडका मुलगा इसहाक बळी म्हणून मागतो. या वेळी अब्राहाम हरकतीचा एक शब्दही काढत नाही. पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, लाकडे फोडतो आणि मोरियाच्या वाटेला लागतो. तिसऱ्या दिवशी ती जागा दुरून दिसते. परक्या नगरासाठी देवाशी हुज्जत घालणारा बाप पोटच्या पोरासाठी गप्प का राहिला, हे त्या अध्यायात कोणीच विचारत नाही.

श्रद्धा, बलिदान आणि छळ या विषयांना भिडणाऱ्या आधुनिक ज्यू कथासाहित्याने हा प्रश्न विचारायचे काम अंगावर घेतले, अशी माझी धारणा आहे. त्यात यिडिशमध्ये लिहिणारे आहेत, हिब्रूत लिहिणारे आहेत, फ्रेंच-इंग्रजीत लिहिणारे आहेत. तालमूद हा धर्मग्रंथ पाठ असलेले आहेत आणि देव न मानणारेही आहेत. त्यांचे एकमत फार थोड्या गोष्टींवर होईल. पण बळी गेलेल्या माणसाविषयी आदर आणि बळी जाण्याच्या कल्पनेविषयी संशय ही जोडी त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा भेटते. या पुस्तकात ज्यांची ओळख करून दिली आहे त्यांच्याकडे पाहण्याची ती एक किल्ली आहे.

मराठी वाचकाची ज्यूंशी ओळख बहुधा शेवटाकडून झालेली असते. ॲन फ्रँकची दैनंदिनी, ‘शिंडलर्स लिस्ट’, नाझींची चरित्रे, महायुद्धावरची पुस्तके. त्यामुळे ज्यू माणूस आपल्याला भेटतो तो थेट छळछावणीच्या दारात. त्याचे घर, त्याची भाषा, त्याचे विनोद आणि त्याची भाऊबंदकी मागेच राहिलेली असते. आपल्याला त्याची कणव येते, पण तो कोण होता हे कळत नाही. कथाकादंबऱ्या ही उणीव भरून काढतात. छळ त्यांत आहेच. पण छळाच्या आधी ही माणसे उधारी कशी फेडत होती, मुलीच्या लग्नासाठी कोणाचे उंबरे झिजवत होती आणि देवाला काय काय सुनावत होती, तेही त्यांत आहे.

हे सुनावणे समजून घ्यायचे तर या श्रद्धेचा पाया ध्यानात घ्यायला हवा. देव आणि इस्राएलची प्रजा यांच्यात करार झालेला आहे, असे ज्यू धर्म मानतो. प्रजेने आज्ञा पाळायच्या, देवाने सांभाळ करायचा. करार म्हटला की दोन पक्ष आले, आणि एकाने शब्द मोडला तर दुसऱ्याला दाद मागण्याचा हक्क आला. बायबलमधल्या ईयोबापासून ही दाद मागणे चालत आले आहे. अठराव्या शतकातले बर्दिचेवचे हसिदी गुरू लेवी यित्झाक देवाला प्रतिवादी करून लोकांची फिर्याद मांडत, अशा कितीतरी आख्यायिका आहेत. म्हणून ज्यू कथेतला माणूस देवावर चिडतो तेव्हा त्याने श्रद्धा सोडली असे समजायची घाई करू नये. करार मोडीत काढणारा माणूस फिर्याद करायला येत नाही.

मोरियावरच्या प्रसंगाला ज्यू परंपरा ‘अकेदा’ म्हणते. अब्राहाम सुरा उचलतो, देवदूताची हाक येते आणि झुडपात शिंगे अडकलेला एडका इसहाकाच्या जागी बळी जातो. रोश हशाना या नववर्षाच्या सणात दुसऱ्या दिवशी सिनेगॉगमध्ये हा अध्याय वाचतात. त्या सणात फुंकायचा शोफारही बहुधा एडक्याच्या शिंगाचा असतो. मूळ कथेत सुरा थांबला, हे विसरून चालणार नाही. धर्मशास्त्रही मरणाच्या बाजूचे नाही. मूर्तिपूजा, खून आणि निषिद्ध शरीरसंबंध या तीन गोष्टींची सक्ती झाली तर मरण पत्करावे. एरवी जीव वाचवण्यासाठी शब्बाथसुद्धा मोडावा, असा तालमूदचा निवाडा आहे.

इतिहासात मात्र सुरा थांबला नाही. १०९६ साली पहिल्या धर्मयुद्धाला निघालेल्या जमावांनी ऱ्हाइनकाठची वर्म्स आणि माइन्झ ही शहरे गाठली. बाप्तिस्मा की मरण, असा सवाल पुढे आला तेव्हा अनेक घरांत आईबापांनी आपल्या हातांनी मुले मारली आणि मग स्वतःचा शेवट केला. धर्मासाठी असे मरण पत्करणे म्हणजे ‘किद्दुश हाशेम’, ईश्वराच्या नामाचे पावित्र्य राखणे. त्या काळच्या हिब्रू बखरींनी हे प्रसंग अकेदाच्याच भाषेत सांगितले, आणि सांगताना एक कडवट विचारणाही केली: एका इसहाकासाठी स्वर्ग हलला होता, मग एका दिवसात इतके इसहाक पडले तेव्हा वरून हाक का आली नाही? पुढच्या काळातल्या एका हिब्रू कवनात तर इसहाक खरोखर मारला जातो आणि पुन्हा जिवंत होतो. चिलया बाळाची कथा ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला या वळणाचे नवल वाटणार नाही. ज्यांच्या हातून लेकरू गेले त्यांना लेकरू परत देणारी कथा लागतेच.

या वारशाकडे आधुनिक लेखकांनी कसे पाहिले, ते १६४८ या एका सालावरून समजते. त्या वर्षी बोगदान ख्मेल्नित्स्कीच्या नेतृत्वाखाली युक्रेनमधल्या कोसॅकांनी पोलिश सरदारांविरुद्ध बंड केले. सरदारांच्या जमिनींचे मक्ते आणि दारूचे गुत्ते चालवणारे ज्यू शेतकऱ्यांच्या रोजच्या नजरेसमोर होते. राग त्यांच्यावर निघाला. नेमिरोव, तुलचिन अशा गावांत हजारो माणसे मारली गेली. शोलेम ॲशने (१८८०–१९५७) १९१९ साली या कत्तलीवर ‘किद्दुश हाशेम’ ही कादंबरी लिहिली, तेव्हा युक्रेनमध्ये पुन्हा ज्यूंच्या कत्तली चालू होत्या. तिच्यातली डेबोरा कोसॅकाच्या तावडीत सापडते. आपल्याला गोळी लागत नाही, हवे तर झाडून पाहा, असे सांगून ती त्याच्याच हातून मरण मिळवते. तिचा नवरा श्लोमो पुढे लुब्लिनच्या बाजारात फिरताना एका दुकानापाशी थांबतो. दुकान रिकामे आहे आणि आतला म्हातारा विश्वास विकतो आहे. ॲशला हौतात्म्याची शोभा खुणावते हे उघड आहे. तरीही आज ती कादंबरी वाचताना लक्षात राहते ते रिकामे दुकान.

आयझॅक बाशेविस सिंगरने तेच हत्याकांड घेतले आणि त्यातली शोभा काढून टाकली. ‘गोरायमधला सैतान’ ही त्याची पहिली कादंबरी १९३३ मध्ये वॉर्सातल्या एका मासिकातून क्रमशः आली. कत्तल होऊन वर्षे लोटली आहेत. वाचलेली माणसे उद्ध्वस्त गोरायमध्ये परतली आहेत. अशात बातमी येते की तुर्कस्तानात शब्बताई झ्वी नावाचा मसीहा प्रकटला आहे. इतके हाल सोसले त्याअर्थी सुटका जवळ आली असणार, या हिशेबाने गाव वेडे होते. घरांची डागडुजी थांबते, शास्त्राची बंधने गळून पडतात आणि रेखेले नावाच्या आजारी, भेदरलेल्या मुलीला गाव भविष्यवाणी करणारी ठरवते. १६६६ मध्ये शब्बताई झ्वीने सुलतानापुढे इस्लाम स्वीकारला, हा इतिहास आहे. सिंगरला त्यातून एक निर्दय गोष्ट सांगायची आहे: दुःख सोसल्याने माणूस शहाणा किंवा पवित्र होतो, असा नियम नाही.

१९६२ च्या ‘गुलाम’ या कादंबरीत तो आणखी पुढे जातो. याच कत्तलीतून वाचलेला याकोब डोंगरातल्या शेतकऱ्याकडे गुलाम म्हणून विकला गेला आहे. पुस्तक नाही, सोबती नाहीत, म्हणून तो धर्माच्या ६१३ आज्ञा आठवून आठवून खडकावर कोरतो. मालकाची मुलगी वांडा आणि तो एकमेकांच्या प्रेमात पडतात. तिने ज्यू होणे हा त्या देशात मृत्युदंडाचा गुन्हा, आणि ज्यू समाजालाही ते न झेपणारे. म्हणून सुटकेनंतर ती ‘सारा’ हे नाव घेऊन, मुकी असल्याचे सोंग करून त्याच्याबरोबर राहते. बाळंतपणाच्या कळांत तिच्या तोंडून शब्द फुटतात आणि बिंग बाहेर येते. ती मरते तेव्हा तिला दफनभूमीच्या बाहेर पुरतात. छळ सोसलेला समाज आपल्या कुंपणाच्या आत काय करतो, याचा असा सरळ जबाब कादंबरीत क्वचित मिळतो. शेवटी वीस वर्षांनी याकोब परततो आणि मरतो, आणि कोणी न ठरवता त्याची कबर नेमकी तिच्या शेजारी खणली जाते. पंचांनी नाकारलेले लग्न मातीने मान्य केले, एवढी सवलत सिंगर देवाला देतो.

सिंगरच्या आधीच यिडिश कथेने मुकाट सोसण्यावर खटला भरला होता. आय. एल. पेरेट्झ (१८५२–१९१५) हा झामोश्चचा वकील, पुढे वॉर्साच्या ज्यू समाजसंस्थेत कारकून. संपकरी कामगारांच्या बेकायदा सभेला गेल्याबद्दल १८९९ मध्ये त्याला तुरुंगवासही घडला. त्याची १८९४ ची ‘मुकाट बोंत्शे’ ही कथा वरवर संतकथेसारखी आहे. बोंत्शे हमाल जन्मभर लाथा खातो आणि ब्र काढत नाही. मेल्यावर स्वर्गात त्याचा थाटात सत्कार होतो. सरकारी वकिलालाही त्याच्याविरुद्ध बोलायला काही सापडत नाही. सगळा स्वर्ग तुझा, काय हवे ते माग, असे न्यायाधीश सांगतात. बोंत्शे रोज सकाळी लोणी लावलेला एक गरम पाव मागतो. देवदूत शरमेने माना खाली घालतात आणि वकील हसतो. अन्याय इतका मुरला आहे की मागायचे काय हेही माणसाला आठवत नाही. यात पुण्य कसले, असा पेरेट्झचा सवाल आहे. सहनशीलतेची ही कथा भाबडेपणाने वाचणारे तेव्हाही होते, आजही आहेत.

‘तीन भेटी’ या कथेत त्याने हौतात्म्यालाच तराजूत घातले. पापपुण्याचे पारडे अगदी समसमान निघालेल्या एका आत्म्याला स्वर्गाच्या दारातून परत पाठवतात. संतांसाठी तीन भेटवस्तू आणल्यास आत घेऊ, अशी अट असते. तो आणतो ती पवित्र भूमीतली मूठभर माती, जिच्यासाठी एक म्हातारा दरोडेखोरांच्या हातून मेला. एक टाचणी, जी घोड्याच्या शेपटीला केसांनी बांधलेल्या मुलीने अंग उघडे पडू नये म्हणून वस्त्रातून स्वतःच्या मांसात खुपसली. आणि एक टोपी, जी उचलायला एक माणूस फटक्यांच्या रांगेतून मागे फिरला आणि प्राणाला मुकला. संत खूश होतात. भेटी फार सुंदर आहेत, उपयोग मात्र काही नाही, असा त्यांचा अभिप्राय पडतो. रसिक होऊन रक्ताचे कौतुक करणाऱ्या स्वर्गाला पेरेट्झने इथे उभे करून चापट मारली आहे. बलिदानाच्या कथांनी आपले डोळे पाणावतात तेव्हा आपणही त्या संतांच्या ओळीत बसलेलो असतो, हे त्याला वाचकाला सांगायचे आहे.

शोलेम अलैखेमचा दूधवाला तेव्ये रशियाच्या खेड्यांतून गाडी हाकत जन्मभर देवाशी बोलतो. शास्त्रवचनांची तो हवी तशी मोडतोड करतो आणि त्याच बोलण्यात देवाला टोमणे मारतो. १८९४ पासून वीस वर्षे या कथा येत राहिल्या. त्यांतही एक बळी आहे, आणि तो तेव्येनेच दिला आहे. त्याची मुलगी खावा ख्रिस्ती तरुणाशी लग्न करते. बाप ती मेली असे समजून सुतक पाळतो आणि जंगलाच्या वाटेवर ती आडवी आली तरी गाडी थांबवत नाही. गाडी हाकता हाकता तो स्वतःला विचारतो की ज्यू आणि ज्यू नसलेला हा भेद मुळात केला कशाला. उत्तर मिळत नाही, पण प्रश्न विचारला गेला. १९१४ च्या ‘लेख लेखा’ या कथेत खेड्यातून ज्यूंना हुसकावण्याचा सरकारी हुकूम येतो. देव अब्राहामाला घरदार सोडून निघायला सांगतो ते बायबलमधले प्रकरणच या नावाने ओळखले जाते. देवाची आज्ञा आणि फौजदाराचा हुकूम एकाच शब्दांत यावेत, हा विनोद तेव्येला कळतो आणि तो त्यावर हसतोही.

इथवरची माणसे श्रद्धावान आहेत. पण छळ करणाऱ्याला बळीच्या श्रद्धेशी देणेघेणे नसते. ज्यू लोक सणासाठी ख्रिस्ती मुलाचे रक्त काढतात, हा आरोप इंग्लंडमधल्या नॉरिच गावी ११४४ च्या एका खुनावरून निघाला आणि युरोपभर पसरला. तो विसाव्या शतकातही पुरून उरला होता. १९११ मध्ये कीव्हमध्ये एका तेरा वर्षांच्या मुलाचा खून झाला आणि विटांच्या कारखान्यातला कारकून मेंडेल बेलिस याला अटक झाली. दोन वर्षांहून अधिक काळ तो कोठडीत होता. १९१३ मध्ये पंचांनी त्याला निर्दोष सोडले. बर्नार्ड मालामडने या प्रकरणावरून ‘द फिक्सर’ (१९६६) लिहिली; तिला पुलित्झर पुरस्कार आणि नॅशनल बुक ॲवॉर्ड दोन्ही मिळाले. तिचा नायक याकोव बोक देव मानत नाही. तो स्पिनोझा वाचतो, खोट्या नावाने ज्यूंना बंदी असलेल्या वस्तीत राहतो आणि राजकारण आपले काम नव्हे असे समजतो. कोठडीत त्याला बेड्या घालतात, दिवसातून अनेकदा झडती घेतात, कबुलीजबाबाच्या बदल्यात सुटका देऊ करतात. तो सही करत नाही. पण आपल्याला सोडून गेलेल्या बायकोला दुसऱ्यापासून झालेला मुलगा मात्र तो कागदावर आपला म्हणून लिहून देतो, म्हणजे त्या पोराला कोणी हिणवू नये. बापाने मुलगा देण्याऐवजी मुलगा पदरात घेतला. अकेदा उलटी फिरवण्याचा याहून साधा प्रसंग मला माहीत नाही.

नाझी संहारानंतर हा सगळा वारसा मोडून पडेल असे वाटणे साहजिक होते. १०९६ मध्ये निदान पर्याय दिला गेला होता. ऑशविट्झमध्ये धर्म बदलून कोणी सुटत नव्हते. आजी-आजोबा कोण होते एवढे पुरे होते. जिथे निवड नाही तिथे बलिदान हा शब्द कसा वापरायचा? आंद्रे श्वार्झ-बार (जन्म १९२८, मेत्झ) याचे आईवडील या संहारात गेले. त्याच्या ‘शेवटचा नीतिमान’ (१९५९) या फ्रेंच कादंबरीला गोंकूर पुरस्कार मिळाला. प्रत्येक पिढीत छत्तीस नीतिमान माणसे असतात, असे तालमूदमध्ये म्हटले आहे. श्वार्झ-बारने त्या छत्तिसांना जगाचे दुःख पिणारी माणसे केले आणि बाराव्या शतकातल्या यॉर्कपासून ऑशविट्झपर्यंत लेवी घराण्याची वंशावळ मांडली. शेवटचा एर्नी लेवी स्वतःहून छावणीत जातो आणि मालगाडीच्या डब्यात मरणाऱ्या मुलांना पुढे एक सुंदर राज्य आहे असे खोटेच सांगत राहतो. या कादंबरीने यातनेला फार तेज दिले, असा आक्षेप तेव्हाच आला होता. मला तो अर्धा पटतो. डब्यातले ते खोटे बोलणे मात्र कुठल्याही स्तोत्रापेक्षा खरे आहे.

झ्वी कोलिट्झच्या ‘योसल राकोव्हर देवाशी बोलतो’ या कथेचे नशीब तर स्वतंत्र कथेचा विषय आहे. मूळच्या लिथुआनियातल्या या लेखकाने १९४६ मध्ये ब्युनॉस आयर्सच्या एका यिडिश वर्तमानपत्रासाठी ती लिहिली. वॉर्सा घेट्टोतला शेवटचा लढवय्या १९४३ च्या एप्रिलमध्ये मरणाआधी देवाला उद्देशून मनोगत लिहितो, अशी कल्पना. पुढे लेखकाचे नाव गळाले आणि अवशेषांत सापडलेला खरा दस्तऐवज म्हणून ती जगभर फिरली. लेखक जिवंत असून हक्क सांगत होता, तरी काहींना ते पटेना. देवाने आपल्यापासून दूर लोटण्याचे सर्व उपाय करून पाहिले तरी मी विश्वास सोडणार नाही, असे राकोव्हर बजावतो. हा शरणागताचा सूर नाही. दुसऱ्या पक्षाने करार मोडला तरी आपण आपली बाजू पाळून त्याला लाजवणाऱ्याचा आहे.

खाइम ग्रादेच्या ‘हेर्श रासेनरशी माझे भांडण’ या कथेत दोन माणसे समोरासमोर येतात. एकाच येशिवात, म्हणजे धर्मविद्यालयात, शिकलेले हे मित्र. एक लेखक झाला, दुसरा कर्मठ राहिला. १९४८ मध्ये पॅरिसच्या मेट्रोत त्यांची गाठ पडते. दोघांचेही सर्वस्व गेले आहे. छावणीतून वाचलेला हेर्श म्हणतो की माणसाच्या विवेकावर विसंबून काय होते ते आता दिसले. श्रद्धेवाचून गत्यंतर नाही. लेखक म्हणतो की इतके झाल्यावर तू जुन्याच जागी कसा उभा राहू शकतोस? ग्रादे (१९१०–१९८२) स्वतः त्या लेखकाच्या बाजूचा. त्याची आई आणि पत्नी विल्नामध्ये मारल्या गेल्या. तरी त्याने हेर्शला युक्तिवादात कुठेही कमी पडू दिले नाही. एली वीझेलच्या ‘देवाचा खटला’ या नाटकात, १६४९ सालच्या एका गावात, कत्तलीतून वाचलेली माणसे पुरिम सणाच्या रात्री देवावर खटला चालवतात. देवाचे वकीलपत्र घ्यायला एकच माणूस पुढे येतो, फार सफाईने बोलतो, आणि शेवटी तो सैतान निघतो. दुःखाचे समर्थन जितके गुळगुळीत तितके संशयास्पद, हा या परंपरेचा अनुभवाचा निष्कर्ष आहे.

आतापर्यंतच्या या यादीत बाप आणि मुलगेच फार आहेत. मोरियाला निघताना साराला कोणी विचारले नव्हते. पुढच्याच अध्यायात तिच्या मृत्यूची नोंद येते, आणि ती बातमी ऐकूनच गेली असे मिद्राशकारांनी, म्हणजे बायबलच्या जुन्या भाष्यकारांनी, म्हटले आहे. आयझॅक सिंगरची थोरली बहीण एस्थर क्राइटमन (जन्म १८९१) हिने १९३६ मध्ये वॉर्सात यिडिश कादंबरी प्रसिद्ध केली. इंग्रजीत ती ‘डेबोरा’ नावाने आली. भावाला शास्त्र शिकवले जाते, मुलीच्या हातातून पुस्तक काढून घेतले जाते आणि न पाहिलेल्या नवऱ्याबरोबर परदेशी धाडले जाते. या गोष्टीत कोसॅक नाहीत, नाझी नाहीत; धर्मनिष्ठ, प्रेमळ घर आहे. बळी घरातही दिला जातो, हे तिने भावाच्या आधी लिहिले असते तरी ऐकले कोणी असते, हा प्रश्न आहेच.

हिब्रू कथेने वारशाचा हिशेब नव्याने मागितला. खाइम हझाझच्या ‘प्रवचन’ (१९४२) या कथेत युदका हा एरवी अबोल माणूस समितीपुढे उभा राहतो आणि ज्यूंच्या इतिहासालाच आपला विरोध असल्याचे जाहीर करतो. छळ, बदनामी, हौतात्म्य, पुन्हा छळ. हा इतिहास आपण घडवला नाही, इतरांनी आपल्यासाठी घडवला, असे त्याचे म्हणणे. मग स्वतः इतिहास घडवायची वेळ आली तेव्हा काय झाले? एस. यिझहारने १९४९ मध्येच ‘खिर्बेत खिझे’ लिहून त्याचे उत्तर दिले. अरब गावकऱ्यांना ट्रकमध्ये भरून सीमेपार हाकलणाऱ्या तुकडीतला तरुण सैनिक पाहता पाहता ओळखतो की वनवास म्हणतात तो हाच, आणि तो आता आपण दुसऱ्यांना देत आहोत. ही कथा इस्रायलच्या शाळांतही शिकवली गेली. छळाची आठवण केवळ आपल्या हक्काची ठेव म्हणून वापरू न देणे, हे या कथेचे मोठे काम.

डेव्हिड ग्रॉसमनच्या कादंबरीत सारा अखेर बोलू लागते. मुलाच्या मृत्यूची बातमी घेऊन येणाऱ्यांना आपण घरी सापडलोच नाही तर बातमी पोहोचणार नाही आणि न पोहोचलेली बातमी खरी होणार नाही, या वेड्या तर्काने ओरा गालीलच्या पायवाटेवर चालत सुटते. बरोबर असतो मुलाचा जन्मदाता, आणि त्याचे नाव अव्राम. ओराने मुलाला स्वतः लष्कराच्या तळावर सोडले आहे, तेही सामी या अरब चालकाच्या गाडीतून. तेव्हा आपणही या बळीत हातभार लावला, हे तिला टोचत राहते. ग्रॉसमन २००३ पासून ही कादंबरी लिहीत होता. ती पुरी होत आली असताना, ऑगस्ट २००६ मध्ये, त्याचा मुलगा उरी लेबनॉनच्या युद्धात रणगाड्यात मारला गेला. २००८ मध्ये हिब्रूत आलेले हे पुस्तक त्यामुळे वाचताना जड जाते, पण त्याची ताकद त्या दुर्घटनेतून आलेली नाही. मुलगा कसा रांगला, काय खायचा, कधी खोटे बोलला, हे सांगत सांगत आई त्याला जिवंत ठेवते. नऊशे वर्षांच्या किद्दुश हाशेमच्या वाङ्मयाला हा सर्वांत ठाम नकार आहे.

या साहित्याचे महाराष्ट्राशी आणि गोव्याशी असलेले नातेही नोंदवले पाहिजे. कोकणातले बेने इस्राएल, गावकऱ्यांचे ‘शनवार तेली’, मराठी बोलत वाढले आणि शेजाऱ्यांनी त्यांचा धर्मासाठी छळ केला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी बायबलमधल्या चरित्रांची मराठी कीर्तने रचली आणि गायली. गोव्यात मात्र १५६० मध्ये पोर्तुगीजांचे धर्मन्यायालय आले. औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापणारा वैद्य गार्सिया द ओर्ता बाटवलेल्या ज्यू घराण्यातला. तो १५६८ मध्ये वारला, पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळले, आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. रिचर्ड झिम्लरची ‘गार्डियन ऑफ द डॉन’ ही कादंबरी या न्यायालयाच्या गोव्यात घडते. युरोपातले हे प्रकरण आपल्या अंगणापर्यंत आले होते.

हे साहित्य लिहिणाऱ्यांनाही छळ चुकला नाही. आयझॅक बाबेलला जानेवारी १९४० मध्ये मॉस्कोत गोळी घातली. देर निस्टर १९५० मध्ये सोव्हिएत छावणीत मेला. दोविद बर्गेलसनला १२ ऑगस्ट १९५२ रोजी इतर बारा जणांबरोबर मारण्यात आले. दुसऱ्या महायुद्धाआधी यिडिश बोलणारी एक कोटीहून अधिक माणसे होती; त्यांतली जवळजवळ निम्मी संहारात गेली. पेरेट्झ आणि शोलेम अलैखेम ज्या वाचकांसाठी लिहीत होते, तो वाचकवर्ग असा नाहीसा झाला. आज हे लेखक मुख्यतः अनुवादातून जगतात, आणि म्हणून त्यांचा प्रत्येक नवा वाचक मोलाचा आहे, मराठीसुद्धा.

वाचकाला शेवटी एवढेच सुचवतो. सुरुवात ‘मुकाट बोंत्शे’पासून करावी, ती एका बैठकीत संपते. मग तेव्ये, मग ग्रादेचे भांडण, आणि वेळ काढून सिंगर व ग्रॉसमन. या कथा शोकसभेला बसल्यासारख्या वाचू नयेत. त्या वादाच्या कथा आहेत आणि त्यांना वाचकाकडून हळहळ नको, मत हवे आहे. हेर्श बरोबर की त्याचा मित्र, हे ठरवायचा प्रयत्न करावा. बलिदानाचा गौरव प्रत्येक समाज करतो, आपणही करतो. तो करताना बळी कोणी मागितला, कोणी दिला आणि कोणाला विचारलेच नाही, एवढे तीन प्रश्न विचारायची सवय या वाचनातून लागली, तर हे पुस्तक कारणी लागले असे मी समजेन.